मधुवंती कुठं राहतो?

सरांच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "त्या घरात कधी कुणाची जात विचारली गेली नाही." टाळ्या वाजवण्याची ती जागा नव्हती, म्हणून लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत बसले होते. वाक्य अक्षरशः खरं होतं, तरी माझी मान हलली नाही. घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. सर गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते दुःखाइतकं साधं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. हळूहळू लिहिते आहे, कारण सरांबद्दल वाईट लिहायचं माझ्या मनात नाही आणि नुसतं चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल.

सर सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यामुळे शास्त्रातले शब्द त्यांच्या तोंडी आधी उर्दूत यायचे आणि मग मराठीत. बासरीबद्दल बोलताना ते म्हणायचे, "हवा का सुतून. हवेचा खांब! बांबू म्हणजे नुसता वरचा गिलावा. वाजते ती आतली हवा." हे सांगताना ते एका डोळ्यानं रिकाम्या बासरीतून समोरच्याकडे पाहायचे. त्यांना स्वतःला बासरी मुळीच वाजवता येत नव्हती. एकदा प्रयत्न केला तेव्हा शेजारच्यांनी येऊन विचारलं होतं, घरात कुणाला दमा आहे का म्हणून.

तेव्हा चिकलठाण्याला नवेनवे कारखाने उभे राहत होते. तिथं यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर सरांच्या गच्चीवरच्या खोलीत काही महिने भाड्यानं राहिला. जाताना त्यानं आपला रेकॉर्डप्लेअर आणि तबकड्यांची एक पेटी सरांना देऊन टाकली. त्यात निम्म्याहून अधिक बासरीच्याच होत्या, तिकडच्या, धातूच्या बासरीच्या. वेष्टनांवरची अक्षरं सरांना लागत नसत. म्हणून त्यांनी प्रत्येकीला आपलं नाव दिलं. एक 'जिन्याची'. तिच्यात बासरी अगदी एकटी, साथीला कुणी नाही; ती जिना चढते, उतरते आणि मधेच खालच्या पायरीवर असा एक पाय आपटते की खाली दुसरं कुणी उभं आहे असं वाटावं. एक 'सुस्तीची'. उन्हाळ्यात दुपारी झोपलेला माणूस डोळे न उघडता कूस बदलतो, तशी तिच्यात बासरी वरून खाली घरंगळत यायची. आणि एक 'रडून झाल्यावरची'. खाली व्हायोलिनं संथ चाललेली आणि वर बासरी. सर म्हणायचे, "ऐका, ही रडत नाहीये. रडून झालंय. तोंड धुऊन ओट्यावर येऊन बसलीय."

आपल्याकडच्या बासरीच्या रेकॉर्ड त्यांनी हळूहळू जमवल्या. मारवा, पहाडी, हंसध्वनी, भूपाळी, मधुवंती. आणि दर रविवारी दुपारनंतर ते लोकांना ऐकायला बोलावू लागले. दारावर नावाची पाटी नव्हती. पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं : 'बासरी ऐकायची असल्यास रविवारी यावे. पंखा बंद असतो.'

पंखा खरोखरच बंद असायचा. पंख्याला ते दुसरी बासरी म्हणायचे, बेसूर. औरंगाबादच्या मे महिन्यात दारं-खिडक्या लावून आणि पंखा बंद करून आम्ही बसायचो. भिंतीवरच्या घड्याळावर टॉवेल टाकलेला असायचा, कारण त्याची टिकटिक 'आलापात नाक खुपसते.' काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, रविवारी कुकर लावायची मनाई होती. काकू चहाचा ट्रे घेऊन येताना म्हणायच्या, "यांच्या बासरीपायी माझी रविवारची डाळ आजवर शिजली नाही." पहाडीमियाँ नावाचे एक होते, हिमरू शालींचं दुकान असलेले. ते रुमालानं मान पुसत म्हणायचे, "सर, कबर में भी इत्ता गरम नै रहता."

सर शांतपणे म्हणायचे, "मियाँ, तिथं ऐकायलाही काही नसतं."

ऐकायची त्यांची एक पद्धत होती आणि ती ते प्रत्येकावर लादायचे. "सूर ऐकू नका, तो आपोआप ऐकू येतो. दम ऐका. बासरीवाला दम घेतो तिथंच तुम्ही घ्यायचा. आधी घेतला तर ती चोरी." कापडाचे व्यापारी भूपाळीशेठ देहानं भारी आणि स्वभावानं आज्ञाधारक. एकदा आलापातल्या एका लांब सुरावर त्यांनी दम धरला तो धरलाच. चेहरा जांभळा झाला, डोळे पांढरे झाले आणि ते शेजारी बसलेल्या, आमच्यातल्याच एका इंजिनिअरसाहेबांच्या मांडीवर कोसळले. काकू पाणी घेऊन धावल्या. "अहो, माणूस जाईल तुमच्या बासरीपायी!" सर एक हात वर करून उभे होते. "थांबा जरा," ते म्हणाले, "स्वर अजून सुटला नाहीये."

ही पहाडीमियाँ, भूपाळीशेठ वगैरे नावं कुठून आली ते आता सांगते. त्या घराचा तो मुख्य नियम होता.

नवा माणूस आला की सर दारातच सांगायचे, "चपला इथं ठेवा. आडनावही इथंच ठेवा." पुढं दोन-चार रविवार गेले की त्या माणसानं जी चीज आपणहून परत लावायला सांगितली असेल, ते त्याचं नाव व्हायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होते. फार बोलायची सवय नव्हती. एकदा जाता जाता मी विचारलं, तो मारवा पुन्हा लावता येईल का. पुढच्या रविवारी दारातच ऐकू आलं, "या, मारवाताई." मला ते फार आवडलं. घरी, कॉलेजात, रेशनच्या दुकानात आणि बस थांब्यावर आपलं आडनाव आपल्याआधी पोचतं. त्या एका खोलीत पोचत नव्हतं. मराठवाड्यात त्या काळात आडनावाचा केवढा भार झाला होता, हे त्या वेळी इथं राहिलेल्यांना सांगायला नको. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून वातावरण तापलेलं होतं. कोण कुठल्या बाजूचा, हे लोक आडनाव ऐकून ठरवून टाकत होते. सरांनी आपल्या परीनं त्यावर उपाय काढला होता. आम्हाला तो उपाय थोर वाटायचा. आम्ही बाहेर तो अभिमानानं सांगायचो.

मधुवंती हे एका तरुणाचं नाव.

तो एका रविवारी खालच्या गल्लीत खिडकीखाली उभा होता. काकूंनी पाहिलं, सरांना सांगितलं. सर खिडकीतून डोकं काढून ओरडले, "वर या! उभ्यानं बासरी ऐकू नये, पाय ऐकू देत नाहीत." तो आला आणि दाराशी टेकून बसला. पुढं कायम तिथंच बसला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो, एवढं त्यानं सांगितलं. डाव्या करंगळीला नख नव्हतं. मधुवंती लागली की तो गुडघ्यांत हनुवटी घालून बसायचा. एकदा इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "हाच राग का आवडतो तुला?"

तो म्हणाला, "आठवडाभर लेथ कानात फिरती, साहेब. रातीबी फिरती. हे लागलं की थांबती."

तो गरीब गाईसारखा नव्हता. मिस्कील होता. इंजिनिअरसाहेब एकदा जर्मन बासरीची फार स्तुती करत होते, धातूची आहे, यंत्रावर घडवलेली आहे, अमुक आहे. तो हळूच म्हणाला, "मंग आमच्या कारखान्याचा भोंगाबी बासरीच म्हनायचा की. त्योबी लोखंडाचाच हाय. आन् त्येच्या तालावर लई माणसं नाचत्यात." सगळे हसले. सर तर इतके हसले की त्यांनी रेकॉर्ड बंद केली. भूपाळीशेठनाही तो दम धरायला शिकवायचा. "शेठ, पोटातून घ्या. गळ्यातून घेतला की असं व्हतं बघा." आणि तो डोळे पांढरे करून दाखवायचा.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. सर आम्हा सगळ्यांना नावापुढं काहीतरी लावायचे. मारवाताई, भूपाळीशेठ, पहाडीमियाँ. इंजिनिअर होते ते हंसध्वनीसाहेब. तो मात्र नुसता मधुवंती. "मधुवंती, ती खिडकी लाव रे." वयानं लहान म्हणून, असं आम्हाला वाटायचं. मीही त्याच्याच वयाची होते.

सरांचं घर क्रांती चौकापासून जवळ होतं. एका रविवारी नामांतराचा मोठा मोर्चा चौकातून निघाला होता. घोषणा आमच्या खोलीपर्यंत येत होत्या. 'सुस्तीची' नुकतीच लागली होती. सर उठले, खिडक्यांच्या कड्या घातल्या, फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबले आणि परत येऊन बसले. खोलीत दम कोंडला. सर म्हणाले, "आता ऐकू येईल." मी मधुवंतीकडं पाहिलं. तो नेहमीसारखा गुडघ्यांत हनुवटी घालून बसला होता, पण त्याचं डोकं खिडकीकडं वळलेलं होतं. बोळ्यांतून जो काही आवाज येत होता, तो तो ऐकत होता. बासरीनं दम घेतला तेव्हा आम्ही घेतला. त्यानं घेतला नाही. रेकॉर्ड संपल्यावर तो म्हणाला, "येतो, सर," आणि चहाला न थांबता गेला. खिडकी उघडावी असं मला वाटलं होतं की नाही, हे आता आठवत नाही. आठवावं असंही वाटत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ते सगळं सुरू झालं. शहरात दगडफेक, बंद, जाळपोळ. खेड्यांतून बातम्या यायच्या त्या शहरातल्यापेक्षा वाईट असायच्या. वस्त्याच्या वस्त्या जाळल्या म्हणायचे. आम्ही वर्तमानपत्र वाचायचो आणि घडी घालून ठेवायचो. बैठक दोन रविवार झाली नाही. नंतर झाली तेव्हा मधुवंती आला नव्हता.

"कामात असेल," हंसध्वनीसाहेब म्हणाले.

"कारखाना जादा चालतोय म्हणे," भूपाळीशेठ म्हणाले.

पुढच्या रविवारीही तो आला नाही. सरांनी मधुवंतीची रेकॉर्ड लावली, सुई टेकवली आणि लगेच उचलली. "नको," म्हणाले.

काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, त्याच्या घरी जाऊन बघा ना कुणीतरी."

"घर कुठं आहे त्याचं?" सर म्हणाले.

कुणी बोललं नाही.

"बरं, नाव काय पोराचं?" काकूंनी विचारलं.

त्यांनी आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं. "इतके दिवस माझ्या हातचा चहा पितोय आणि कुणाला नाव ठाऊक नाही? दूधवाल्याचं ठाऊक आहे. रद्दीवाल्याचं ठाऊक आहे."

मी तेव्हा पहिल्यांदा मनातल्या मनात मोजून पाहिलं. भूपाळीशेठचं आडनाव त्यांच्या दुकानावर हातभर मोठ्या अक्षरांत होतं. हंसध्वनीसाहेब सरांच्या एका विद्यार्थ्याचे मेव्हणे. पहाडीमियाँच्या दुकानातून माझ्या आईनं शाल आणली होती. मी कुणाची मुलगी ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही एकमेकांची आडनावं दाराशी ठेवत होतो आणि जाताना ज्याची त्यानं उचलत होतो. ज्याचं कुणालाच माहीत नव्हतं असा एकच माणूस त्या खोलीत होता. नियम सगळ्यांचा होता, पण पाळला गेला तो एकट्याच्याच बाबतीत.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या ग्रंथालयाच्या दारात आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री. "मारवाताई, सुट्टी टाका," ते म्हणाले. आम्ही चिकलठाण्याला गेलो.

त्या दिवशी आम्ही जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं नसतं. आम्ही एकेका कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारत होतो, तुमच्याकडं मधुवंती नावाचा मुलगा आहे का. सर तरी काय करणार? त्यांच्याकडं दुसरं नावच नव्हतं. वर ते वर्णन करायचे, आणि तेही त्यांच्या पद्धतीनं. "बासरी ऐकताना पोटातून दम घेतो." रखवालदार आधी सरांकडं, मग माझ्याकडं बघायचे आणि आम्हाला सावलीत बसायला सांगायचे. एकानं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

शेवटी एका फाटकावर खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा रखवालदार होता. वैजापूरकडचा धनगर. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मधुवंती," तो म्हणाला. "बाई हाय का बाप्या?"

"पुरुष आहे. लेथवर काम करतो. डाव्या करंगळीला नख नाही."

"लेथवाल्यांत निम्म्यांला नखं नायती, मास्तर. खरं नाव सांगा."

"ते माहीत नाही."

"आडनाव?"

"तेही नाही."

"आन् तुमचा कोन लागतो त्यो?"

सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. म्हाताऱ्यानं घोंगडी सारखी केली. "बरं, कोनच्या समाजाचा हाय? जयभीमवाला हाय का?"

"हो," सर म्हणाले.

त्यांनी जरासुद्धा वेळ घेतला नाही. आठवावं लागलं नाही, अंदाज करावा लागला नाही. 'हो' म्हणाले आणि बरोबर तेच होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काय पाहायचं होतं ते मला कळलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना ते दिसलंही असणार. कारण त्यांनी 'हो' म्हटल्याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मलाही माहीत होतं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. तो दाराशी बसायचा, 'साहेब' म्हणायचा, मोर्चाच्या दिवशी त्याची मान खिडकीकडं वळली होती, आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखून टाकलं होतं. जे आम्हाला माहीत नाही असं आम्ही अभिमानानं सांगत होतो, तेवढंच आम्हाला त्याच्याबद्दल माहीत होतं.

"मंग आसं सांगा की आधी," म्हातारा म्हणाला. "त्यो व्हय! लासूरकडचा. लई हसवायचा गडी. गावाकडं घर जाळलं त्याचं. कामावं येत नाय. लासूर टेशनावं मोंढ्यामागं कुठंतरी ऱ्हात्यात म्हनं समदे." आणि त्यानं त्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. साधं, कानावर सहज बसणारं नाव होतं. ते इथं लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

लासूर स्टेशनला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. मोंढ्यामागं, धान्यबाजाराच्या पिछाडीला, एका बंद गोदामाच्या भिंतीला पत्रे टेकवून चार-पाच कुटुंबं राहत होती. तो आम्हाला लांबूनच दिसला. कुणाच्या तरी सायकलचं चाक सरळ करत होता. आम्हाला पाहून उठला, हात पँटला पुसले.

"सर, तुम्ही इथं?" आणि मग माझ्याकडं पाहून, "ताई."

त्यानं एक गोणपाट अंथरलं. आतून त्याची आई आली. तिच्या दंडाला फडकं बांधलेलं होतं. तिनं पाण्याचा तांब्या आणि पेला आणून सरांपुढं धरला आणि विचारलं, "पाव्हणं कोन म्हनायचं?"

सरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते प्रामाणिकपणाचं वाटलं असणार. म्हातारीचा हात जागच्या जागी थांबला. ती एक पाऊल मागं सरली, तांब्या मागं घेतला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि त्याहून जास्त सवय होती.

"हाटेलातून आनती पानी," ती पुटपुटली.

सर उठले, दोन पावलं पुढं गेले आणि तिच्या हातातून तांब्या जवळजवळ ओढूनच घेतला. पेला भरला, प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी मोठं घडलं आहे. मला हायसंही वाटलं. ते हायसं वाटणं अजून आठवतं.

मधुवंती शांतपणे म्हणाला, "पिऊन दाखवायची काय गरज नव्हती, सर. पानी नळावरून आनावं लागतं तिला."

सर खाली बसले. रिकामा पेला त्यांच्या हातातच राहिला. नंतर त्यांनी विचारलं, "आमच्याकडं का आला नाहीस? गच्चीवरची खोली रिकामी होती. तुझी आई, सगळे..."

"कुणाचा म्हनून येऊ?" तो म्हणाला. "दारात नाव इचारलं असतं, तर सांगून आत आलो असतो. तुम्ही इचारायचाच नाय म्हनला होता." मग त्यालाच सरांची दया आली असावी. "तसं नाय, सर. तुमच्याकडं बरं वाटायचं मला. खोटं नाय बोलत." आणि मग हसून, "भूपाळीशेठ जित्ते हायेत ना?"

निघताना सर म्हणाले, "येशील ना रविवारी?" त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आला.

त्या रविवारी सर रेकॉर्डप्लेअरपाशी गेलेच नाहीत. सगळे बसल्यावर म्हणाले, "आज प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव सांगायचं आहे." आणि लासूरला काय झालं ते त्यांनी सांगितलं. पाणी पिण्याचा भागही सांगितला. काही वगळलं नाही.

"हे आता कशाला उकरायचं, सर?" हंसध्वनीसाहेब म्हणाले. "आपण इथं माणूस म्हणून येतो."

"तोही तसाच येत होता," सर म्हणाले. "त्याला शोधायला मला त्याची जात वापरावी लागली, साहेब. दुसरं माझ्याकडं काहीच नव्हतं."

पहाडीमियाँनी सुरुवात केली. आजोबांपासून सगळं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मेरेकु क्या फरक पडता, सर? मेरा नाम तो लोगां दाढी से इच पढ़ लेते." कुणी हसलं नाही. मग शेठनी सांगितलं. मग मी. आपलं आडनाव तिथं उच्चारताना जड जाईल असं मला वाटलं होतं. ते इतकं सहज आलं की जणू सगळा वेळ जिभेवरच बसून होतं. हंसध्वनीसाहेबांनी सगळ्यात शेवटी, भिंतीकडं बघत सांगितलं. ज्याला त्याला जे आधीच माहीत होतं, तेच आम्ही एकमेकांना सांगत होतो, आणि परक्या माणसापुढं कपडे उतरवायला सांगितल्यासारखे बसलो होतो. काकू आत गेल्या. त्या दिवशी बासरी लागली नाही.

पुढच्या रविवारी निम्मे आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. कुणी भांडून गेलं नाही. भूपाळीशेठ रस्त्यात भेटले की मनापासून सरांची चौकशी करायचे. पण एकमेकांना काय माहीत आहे हे एकदा उघडपणे बोललं गेल्यावर त्या सतरंजीवर बसणं अवघड झालं होतं. थंडी पडेपर्यंत पहाडीमियाँ आणि मी, एवढेच उरलो. मग पहाडीमियाँच्या दुकानात सणाची गर्दी सुरू झाली आणि मी एकटी उरले. मी का जात राहिले? निष्ठा म्हणून नाही. घरी बसलं की लासूरच्या त्या म्हातारीचं मागं सरलेलं पाऊल दिसायचं. सरांना ते माझ्याहून जास्त दिसत असणार, म्हणून त्यांच्याजवळ बसायचं. सर पूर्वीसारखं बोलत नसत. दम कुठं घ्यायचा ते सांगत नसत.

अशाच एका रविवारी मधुवंती आला.

इस्त्रीचा शर्ट घातला होता. कामावर परत लागला होता. शहरातच एका वस्तीत खोली घेऊन आईलाही आणलं होतं. दारात उभा राहून त्यानं रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं.

"बाकीची मंडळी?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "सगळ्यांनी नावं सांगितली. त्यानंतर येत नाहीत."

"आयला!" तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. कडवट नव्हे, खरंखुरं. "म्हंजे माझ्यापायी समदी बैठकच उठली की."

सर उभे राहिले. त्यांनी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, मागं 'राव' लावून. त्यांच्या तोंडात ते नाव नवीन होतं, अडखळलं. "या," ते म्हणाले. "इकडं, वर या, इथं बसा." त्याला आपल्या शेजारी, लोडापाशी बसवून ते त्याच्यासमोर खाली बसले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "आज बासरी नको. आज तुम्ही बोला. गावात काय झालं, कुणी केलं, सगळं सांगा. इतके दिवस आम्ही विचारलं नाही. आज आम्ही ऐकतो."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तो लोडापाशी अवघडून बसला होता, परक्या लग्नात व्याही म्हणून बसवल्यासारखा.

"ते सांगाया नाय आलो, सर," तो म्हणाला. "ते इचारायला पोलीस येत्यात, पेपरवाले येत्यात, मोर्चावाले येत्यात. समद्यांना सांगतो. सांगावंच लागतं. कामावं सांगतो, वस्तीत सांगतो. इथं म्या ऐकाया येत हुतो. तेवढं तरी माझं ऱ्हाऊ द्या."

सर उठले, पेटीत शोधत राहिले. मधुवंतीची तबकडी वेष्टनातून लवकर निघेना. शेवटी निघाली. त्यांनी ती चढवली, सुई उचलली, आणि ती त्यांच्या हातून कडेला न टेकता भलत्याच जागी, आलापाच्या ऐन मध्यावर पडली. एक लांबलचक सूर अर्ध्यातून सुरू झाला.

सरांनी ती उचलायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, सर," तो म्हणाला. आणि लोडापासून उठून, त्याला आवडायचं तसं, भिंतीला पाठ लावून बसला.

तो दम कुठं घेतो ते पाहायला मी मान वर केली नाही.